झेराची पितळी चक्की

॥ श्री अन्नपूर्णा प्रसन्न ॥

मी, सौ. वैजयंती पुरुषोत्तम टिपणीस, वय ७१, शिक्षण मॅट्रिक, राहणार स्टॅनमोर, विलायत, हे मृत्युपत्र राजीखुशीने, स्वतःच्या अकलेने लिहिते. गुडघे गेले, स्मरणशक्ती शाबूत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात सगळं यांच्या नावे केलं होतं.

१. दागिने आणि बिल्डिंग सोसायटीच्या बचतखात्यातली शिल्लक मुलगी निवेदिता हिला. तिने लग्नासाठी विनयचं नाव काढलं तेव्हा, "कामगाराला जात नसते" असं जन्मभर सांगणारे हे म्हणाले, "आपल्यातला नाही तो." मी गप्प बसले. त्याची ही भरपाई नव्हे.

२. माहेरची अन्नपूर्णाही तिलाच. ताश्कंदला हे पक्षाची भाषांतरं करत, तेव्हा घरात देव चालत नसे. कॉम्रेड मंडळी यायची असली की शेजारची झेरा अन्नपूर्णा स्वतःच्या पिठाच्या डब्यात लपवी. ती क्रिमियाची तातार. तिच्या अख्ख्या जमातीला महायुद्धात सरकारने तिथून हाकललेलं. घर सोडायला पंधरा मिनिटं मिळाली, त्यात तिच्या आईने कॉफी दळायची चक्की उचलली. झेरा गिरणीत मागावर उभी राही. म्हणे, "कामगार आहेच गं मी, पण माझं गाव कुठे गेलं?" परत जाऊ द्यावं म्हणून अर्जावर सह्या गोळा करत होती. जेवायला वाढताना ही गोष्ट मीच यांना सांगितली. "वेडी आहे. वर्ग सोडून वंश धरून बसलीय," म्हणाले, आणि आणखी एक पोळी घेतली.

पंधरवड्याने पहाटे दाराशी फडक्यात बांधलेली अन्नपूर्णा आणि चक्की सापडली. झडती येणार हे तिला कळलं होतं. तिने आधी माझा देव परत केला. तिला तीन वर्षांची शिक्षा झाली.

३. हे प्रत्येक कागदाची प्रत ठेवतात. दोन वर्षांमागे माळा आवरताना तिच्याविरुद्धच्या तक्रारीची कार्बन प्रत निघाली. खाली यांची सही. रशियन अक्षरं मला झेरानेच शिकवली, म्हणून वाचता आली. विचारलं, तर म्हणाले, "ते व्यक्तीविरुद्ध नव्हतं, प्रवृत्तीविरुद्ध होतं."

४. झेरा वारली. तिची मुलगी एल्मिरा क्रिमियात परतली आहे. निवेदिताने इंटरनेटवर शोधून दिली. तिने पत्रात विचारलंय, "मावशी, पोलिसांना आईचं नाव कोणी दिलं, कधी कळलं का?" माझ्याने उत्तर लिहवत नाही. वाढताना बोलले ती मीच.

५. हे सरकारी भाड्याचं घर कौन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, सवलतीत विकत घेतलं. तेव्हा वर्गलढा आडवा आला नाही. त्यातला माझा अर्धा हिस्सा यांना, पण एका अटीवर. माझ्यामागे वर्षाच्या आत यांनी चक्की स्वतः नेऊन एल्मिराच्या हातात द्यावी आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर तोंडाने द्यावं. टपाल चालणार नाही. न गेल्यास हिस्सा एल्मिराचा, आणि चक्की व कार्बन प्रत निवेदिताने पोचवावी. तरीही हे हयात असेपर्यंत यांना कोणी इथून हलवू नये. घर सोड म्हणणं माझ्याच्याने होणार नाही.

सह्या व्हायच्या आधी हे चहा घेऊन आत आले. म्हणाले, "साक्षीदार कमी पडत असेल तर मी करतो सही."

म्हटलं, "नको. तुमची सही एकदा झाली आहे."

साक्षीदार : शशी कर्णिक, मालविका देशमुख

सही : वैजयंती पु. टिपणीस
स्टॅनमोर, २० नोव्हेंबर २००६