फियाटच्या काचेवरचं पाणी

४ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प जरा उशिरा, पण ठाम. माझ्या जुन्या फियाटला इलेक्ट्रिक वॉशर बसवणार. सध्या डॅशबोर्डखाली एक रबरी फुगा आहे. अंगठ्यानं दाबला की काचेवर पाणी पडतं. पडतं, हे मान्य. पण अख्ख्या अमरावतीला फिजिक्स शिकवणाऱ्या माणसानं फुगा दाबत बसायचं?
शिवाय आठ फेब्रुवारीला स्वरालीचं लग्न. सासरी अकोल्याला ती फियाटमधूनच जाणार, गाडी बाबांनीच चालवायची आणि त्यांच्या शेजारी तीच बसणार, अशी पोरीची अट. डोळ्यांत पाणी आलं. सरोजिनीला सांगितलं, धूळ गेली. ती म्हणाली, आधी ब्रेक दाखवा. हिला महत्त्वाचं काय ते कळत नाही.

११ जानेवारी, दुपारी
किट बसवलं. फुगा कचऱ्यात टाकला. सरोजिनीनं उचलला, कुंड्यांना पाणी मारायला.
बटण दाबलं. मोटर घुरघुरते, पाणी नाही. पंप सदोष. कंपनीला सणसणीत मेल. करंट इलेक्ट्रिसिटी शिकवण्यात हयात गेली, मला फसवता काय!

संध्याकाळी
स्वरालीनं दोन वायरींची अदलाबदल केली. पाणी आलं. प्लस-मायनस उलटं होतं म्हणे. तिची परीक्षा घ्यायला मी मुद्दामच तसं जोडलं असणार.
धार टपावरून थेट शेजारच्या केशरबाईंनी वाळत घातलेल्या वड्यांवर. त्या बरंच बोलल्या. तांत्रिक बाजू त्यांना समजत नाही.

१८ जानेवारी
वॉशरचे जेट, म्हणजे पाणी उडवणारी बारीक भोकं, चोंदले. आमच्या बोअरचं पाणी म्हणजे पातळ केलेला चुना. पण उपाय सुचला, आणि तोही गावरान. सरोजिनीच्या माहेराहून, मोर्शीहून, संत्री येतात. सालींत गूळ-पाणी घालून ती गच्चीवर कॅनमध्ये आंबवते. बायो-एन्झाइम. त्यानं फरशी चमकते, तर काच का नाही चमकणार?
तिनं सांगितलं, कच्चं आहे, अजून मुरू द्या. घ्यायचंच तर गाळून घ्या, आणि रोज झाकण सैल करून गॅस जाऊ द्या. गॅसचे नियम मला सांगते! न गाळताच वॉशरची टाकी भरली.

२५ जानेवारी
झाकणातून फसफस येते. एम-सील लावून कायमचं बंद केलं. आता थेंब बाहेर येणार नाही. ट्रायल घेणार नाही, उगाच पंप झिजतो.
ब्रेक दाखवायचे राहिले. आठवणीत आहे.

८ फेब्रुवारी, संध्याकाळी
लग्न छान झालं. पुढचं तटस्थपणे लिहितो.
पाठवणीची वेळ. फियाट झेंडूनं मढवलेली. स्वराली शेजारच्या सीटवर, जावई सोहम मागे. व्याही भगवंतराव बॉनेटसमोर नारळ घेऊन उभे. काचेवर हळदकुंकवाचे डाग पडले होते. म्हटलं, हीच वेळ. रडारड थांबवून सगळ्यांना वॉशरविषयी थोडक्यात माहिती दिली. सरोजिनीच्या मते थोडक्यात नव्हती. मग बटण दाबलं.
काही नाही. परत दाबलं. बॉनेटखाली धाडकन आवाज झाला, टाकी फुटली. नेमके तेव्हाच जेट मोकळे झाले. एक धार भगवंतरावांच्या फेट्यावर, दुसरी काचेवर. मी वायपर लावला. गूळ, साली आणि झेंडूच्या पाकळ्यांचा लेप काचभर पसरला. पाणी इंजिनावर गेलं होतं, ते आचके देत बंद पडलं. मांडवभर आंबूस वास.
भगवंतरावांनी फेटा हुंगला आणि सरोजिनीला हळूच विचारलं, “विहीणबाई, सर सकाळपासूनच घेऊन राहिले का?”
स्टार्टर मारमारून बॅटरी बसली. शेवटी स्वराली उतरली. माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, “बाबा, मले फक्त तुमच्या बाजूला बसून जायचं होतं. काच मी पदरानं पुसली असती.”
ती सोहमच्या काकांच्या गाडीतून गेली. मी स्टिअरिंगवर बसूनच हात हलवला. काचेतून काही दिसत नव्हतं.

११ फेब्रुवारी, एसटीत
स्वरालीला माहेरपणाला आणायला अकोल्याला निघालो आहे. फियाटमध्ये मुंग्या आहेत. सरोजिनीनं फुगा परत बसवून घेतला. एकदा दाबला, काच स्वच्छ. योगायोग.
मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू. एसटीची काच धुळीनं भरली. ड्रायव्हरनं झाकणाला भोकं पाडलेली पाण्याची बाटली काढली, खिडकीतून हात बाहेर घालून काचेवर धार मारली, वायपर फिरवला. झालं. मला राहवलं नाही. त्याला इलेक्ट्रिक वॉशरचे फायदे समजावले. माझ्या फियाटला स्वतः बसवलाय, हेही सांगितलं.
तो म्हणाला, “मंग एसटीनं काहून चालले?”
कंपनीला दुसरी मेल लिहायला घेतली आहे. भाषा कडक ठेवणार.
येताना स्वराली माझ्या शेजारीच बसेल. गाडी तेवढी दुसरा कोणी चालवेल.