हरळीचं लॉन

बाबा, मी घरापुढं गवत लावलंय. मुद्दाम लावलंय. ते चुकून उगवलेलं नाही, कुणाच्या आळसानं राहून गेलेलंही नाही. नर्सरीतून चटईसारखे गुंडाळे आणून, खालची माती भुसभुशीत करून, शेणखत घालून, रोज पाणी पाजून वाढवलेलं गवत. नर्सरीवाल्यानं त्याचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. मी पात्याला हात लावून बघितला आणि हसले, कारण ती हरळीच होती, जरा नाजूक, शहरात शिकून आल्यासारखी. त्याच्याकडे दुसरी जातही होती, जास्त मऊ, पण मी हीच घेतली. तुमच्या बगिच्यात जिचं एक पातं दिसलं तरी आईचं जेवण थांबायचं, ती हरळी आता पांढुर्ण्यात तुमच्या मुलीच्या दारात ऐटीत पसरली आहे आणि तिच्यावर चालू नका असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. तुम्ही असता तर काय केलं असतं, याची कल्पना करण्यात माझे सुरुवातीचे बरेच दिवस मजेत गेले.

लोक म्हणायचे, संत्र्याचा बगिचा बघावा तर तिगावकडचा तुमचा. झाडाखालची जमीन कशी सारवल्यासारखी. पण सारवतं कोण, हे कुणी विचारलं नाही. मजूर बाया निंदून घरी गेल्या की तुम्ही काठी घेऊन ओळीओळीनं फिरायचा आणि राहिलेलं एखादं पातं सापडलं की त्या बायांना नाही, आईला हाक मारायचा. बायांना बोललं तर त्या उद्यापासून दुसऱ्याच्या शेतात जातील, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. आई कुठं जाणार होती! ती तव्यावरची भाकर तशीच टाकून यायची. तुम्ही काठीचं टोक गवतावर टेकवून उभे राहायचा, ती खाली बसून ते काढेपर्यंत. मी शाळेत असताना मला वाटायचं, सगळ्याच घरी भाकरी एका बाजूनं करपलेल्या असतात.

एक शनिवार मला लख्ख आठवतो. शेजारच्या बगिच्यातल्या बाया जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला निघाल्या आहेत. जीप आपल्या फाटकाशी उभी आहे. आईनं मामानं दिलेली अंजिरी साडी नेसली आहे, माझ्या वेण्यांना रिबिनी बांधल्या आहेत, आणि ती अशी भराभर चालते आहे की मला तिच्यामागं पळावं लागतंय. तिला इतकं घाईनं, स्वतःसाठी कुठं जाताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. वाटेत तुम्ही उभे.

"हे का दिसून राहिलं व तुले?"

झाडाच्या आळ्यात हरळीचा एक तुरा होता. आई वाकून तो खुडायला लागली.

"वरून नको खुडू. बस खाली. मुयासकट काढ."

"आल्यावर काढतो जी. जीप उभी हाये."

"जीप उद्याही उभी राहीन. बस."

ती बसली. हरळीचं मूळ ओढाल तसं लांबत जातं, एका आळ्यातून निघून दुसऱ्या आळ्यात शिरतं. जीपवाल्यानं हॉर्न दिला, थोडा थांबला, पुन्हा दिला आणि निघून गेला. अंजिरी साडीचा सोगा चिखलात भिजत होता. शेवटी तिनं मूळ तुमच्या हातात दिलं, तुम्ही ते उलटंपालटं करून बघितलंत आणि "हं" म्हणालात. मी तेव्हा तुमचा इतका राग केला की तो राग पुढं शिक्षणाला, नोकरीला, सगळ्याला पुरला. आई मात्र घरात गेली, साडी बदलली आणि चुलीपुढं बसली. जामसांवलीचं नाव तिनं त्यानंतर कधी काढलं नाही.

आणि एवढं करून बगिचा गेला कशानं? डिंक्यानं. खोडाला पाणी लागू देऊ नका, आळं दुहेरी करा, असं कृषी खात्याचा माणूस बांधावर येऊन सांगून गेला होता. तुम्ही त्याला चहा पाजलात आणि वाटेला लावलंत. तुमचा शत्रू आधीच ठरलेला होता. झाडांच्या बुंध्यांतून डिंक गळत होता आणि तुम्ही काठी घेऊन गवत शोधत होतात. झाडं एकामागून एक वाळली, तेव्हा त्यांच्याखाली हिरवं पातं औषधालाही नव्हतं, एवढं मात्र मी कबूल करते. तुमच्या तेरवीला जेवायला आलेले लोकही हात धुताना तेच बोलत होते, काय स्वच्छ बगिचा होता म्हणून. मला हसू आवरेना, म्हणून मी उठून मागच्या दारी गेले. बायकांना वाटलं, पोरगी रडायला गेली.

आता आईचं सांगते. ती माझ्याकडेच असते. मागच्या उन्हाळ्यात न्हाणीघरात घसरून तिच्या खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला नेऊन ऑपरेशन केलं, नवा खुबा बसवला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन बजावलं की यांनी पुन्हा उकिडवं बसायचं नाही, खाली वाकायचं नाही. खुबा निखळला तर या वयात दुसरं ऑपरेशन झेपणार नाही, मग पलंग सुटायचा नाही. म्हणून मी ओसरीत वेताची खुर्ची ठेवली, तिच्यात उशी ठेवली, आणि समोर ते लॉन. तुम्हाला चिडवायला लावलं हे खरं, पण दुसरंही एक कारण होतं. मला एकदा बघायचं होतं की आई खुर्चीत बसली आहे, हात रिकामे आहेत, समोर गवत वाढतंय आणि ती त्याच्याकडे नुसती बघते आहे. बास, एवढंच. माझी काही फार मोठी मागणी नव्हती.

पावसाळ्यात एके दिवशी कॉलेजातून घरी आले तर खुर्ची रिकामी. आई लॉनच्या मधोमध उकिडवी बसलेली. शेजारी हरळीचा ढीग, मुळांची माती झटकून सगळी मुळं एका अंगाला केलेली. तिच्या मागं परातीएवढी काळी जमीन उघडी पडली होती.

"आई, अगं हे काय करते आहेस तू? डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

"हरयी मातली व बाई सारी. तुह्या ध्यानातच नाही."

"ती लावलेली आहे, आई. आपणच लावली."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी शुद्धीवर आहे की नाही याचा तिला संशय आला असावा. "हरयी कोणी लावते का?" असं म्हणून तिनं पुन्हा खाली हात घातला.

तेव्हापासून आमचं हेच चाललं होतं. गोड बोलून झालं. शपथा घालून झाल्या. डॉक्टरांना फोन लावून तिच्या कानाशी धरला, त्यांना ती "हो साहेब, हो साहेब" म्हणाली आणि मी आंघोळीला गेले तशी बाहेर. खुरपं लपवलं तर पोळी उलटायचा सराटा घेऊन बसली. दाराला कुलूप लावून कॉलेजात गेले, तर दिवसभर खिडकीच्या गजाला धरून उभी राहिली आणि संध्याकाळी पाय सुजले. लॉन काढून टाकावं, तिथं फरशी बसवावी, हे मला का सुचलं नाही? सुचलं होतं. पण मग तुम्ही जिंकला असता. फरशीवर पातं उगवत नाही, तुमच्या मनासारखंच झालं असतं सगळं.

शेवटी मला वाटलं, गवत वाढलेलं दिसतं म्हणून तिचे हात शिवशिवतात. ते बारीक, एकसारखं, गालिच्यासारखं ठेवलं तर तिला ते गवत वाटणारच नाही. पण पांढुर्ण्यात गवत कापायला माणूस हवा म्हटलं की समोरचा विचारतो, "ढोरं किती हाये तुमच्याकडे?" एक जण विळा घेऊन आला, गवत मुठीत धरून बघितलं आणि म्हणाला, "येवढ्यानं तं बकरीचा दातही नाही भरत, ताई," आणि चहासुद्धा न घेता गेला. मग मोबाइलवर शोधून नागपूरच्या एका कंपनीशी बोलले. लॉन कापून देणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी लॉनचे फोटो मागवले, कोणतं गवत, किती ऊन, पाणी कशानं देता, सगळं विचारलं. पांढुर्णा, सौंसर या बाजूला त्यांची गाडी तशीही येतेच, दर पंधरवड्याला येऊ म्हणाले. बाबा, तुमच्या मुलीनं हरळीची निगा राखायला नागपूरहून माणसं बोलावली. हे वाक्य मला पुन्हा एकदा लिहावंसं वाटतंय.

आज सकाळी ती माणसं आली. दोघं जण, अंगात हिरवे शर्ट, डोक्याला टोप्या. गाडीतून मशीन उतरवलं, लॉनवरचे खडे आधी वेचले, पात्यांची उंची ठरवली आणि सुरू केलं. आई खुर्चीत होती. मशीन या टोकाकडून त्या टोकाला जात होतं, मागं फिकट हिरवा पट्टा सोडत होतं, वळून शेजारी दुसरा पट्टा. कापल्या गवताचा वास घरात शिरला. आई बघत होती. तिचे हात मांडीवर होते, नुसते. मी दारात उभी राहून तिला बघत होते आणि मनातल्या मनात तुम्हाला सांगत होते, बघा, नीट बघा, ही बाई बसली आहे आणि तिच्यासमोर हरळी आहे, आणि तुम्ही तिचं काही करू शकत नाही. मला इतका आनंद मुलाखतीतून नोकरी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

मशीन थांबलं. आईनं त्यातल्या मोठ्या माणसाला हातानं जवळ बोलावलं.

"बाबू, मुय काढलं नं सारं?"

"नाही आजी," तो हसून म्हणाला. "मुय काढलं तं लॉनच मरते. आम्ही वरून कापतो. वरून कापलं का ते खालून आणखी दाट येते."

"दाट येते?"

"हो नं. पुढच्या बारीले पाहा, पाय ठेवाले जागा नाही राहीन."

त्यानं ते कौतुकानं सांगितलं. आईनं एकदा गवताकडे बघितलं, मग फाटकाकडे, मग माझा पदर ओढून मला खाली वाकवलं. "अव, ते येतीन नं आता," ती हळूच म्हणाली. कोण, ते मी विचारलं नाही. तुम्हाला जाळून आल्यावर तुमची काठी तिनंच नदीत सोडली होती, सगळ्यांदेखत. पण ती घाबरलेली होती, बाबा. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, कोणी येत नाही म्हटलं, आणि माणसांना निरोप द्यायला बाहेर गेले.

फाटक लावून वळले तर ती लॉनवर. कापलेल्या पट्ट्यांच्या मध्ये उकिडवी बसून बोटांनी माती उकरत होती. मी धावत जाऊन तिला काखेत हात घालून उचलायला हवं होतं. नर्सनं मला ते शिकवलं आहे, मला येतं. मी जागची हलले नाही. मी तिथूनच ओरडले.

"ऊठ! ऊठ म्हणतो नं तुले! डोये फुटले का?"

मी अशी बोलत नाही. मी कॉलेजात मराठी शिकवते, घरातही पुस्तकातल्यासारखं बोलते म्हणून आई मला हसते. पण तोंडातून निघालं ते तसं, त्याच पट्टीत, शेवटचा शब्द ओढून.

आई उठली. कशालाही न धरता, नव्या खुब्यावर एका झटक्यात. "उठली जी, उठली," म्हणाली. हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि खाली बघत उभी राहिली. पोटच्या पोरीपुढं कोणी पदर घेत नाही. मी म्हटलं, खुर्चीत बस. ती खुर्चीत जाऊन बसली.

आता दुपार झाली आहे आणि ती अजून तिथंच आहे. पाणी हवं का विचारलं तर मान हलवते. पाय लांब करून दाखव म्हटलं तर दाखवते. खुबा ठीक दिसतो. हात मांडीवर आहेत. समोर लॉन आहे, सुंदर कापलेलं. बाहेरून कुणी बघितलं तर म्हणेल, काय सुखात बसली आहे म्हातारी. जे माझ्या विनवण्यांनी, डॉक्टरांनी, कुलपानं आणि नागपूरच्या मशीननं झालं नाही, ते एका ओरडण्यानं झालं. मघाशी कंपनीचा फोन आला होता, काम पसंत पडलं का, पंधरवड्यानं येऊ ना. मी या म्हटलं.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, तुम्हाला वाचायला मिळू नये म्हणूनच. कारण एक गोष्ट तुम्हाला कळायला नको आहे. ती त्या झटक्यानं उठली तेव्हा तिच्या खुब्याची आठवण मला नंतर झाली. आधी वाटलं ते हे, की हिनं ऐकलं; आणि मला बरं वाटलं.