माझ्या देखत वाचावे

मी, त्साय युए-श्या, कै. कुओ चिन-शुई यांची पत्नी, वय एकाहत्तर, धंदा मासळीचे गोळे करून विकणे, राहणार तुंगकांग बंदर, मासळी बाजारामागची गल्ली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. माझ्यावर कुणा माणसाचा दबाव नाही. भीतीचा आहे, पण तो कायद्यात धरतात की नाही हे मला ठाऊक नाही. सोमवारी माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे.

१. घर, म्हणजे खालचे दुकान आणि वरच्या खोल्या, मुलगा मिंग-त्सुंग आणि सून दिएम या दोघांना समान हक्काने मिळावे. सुनेचे नाव कागदावर स्वतंत्र यावे, ‘मुलाची बायको’ म्हणून येऊ नये. कारण कलम ४ मध्ये दिले आहे.

२. बँकेतली ठेव आणि माझ्या बांगड्या मुलगी शु-फेन हिच्या. ती तैपेईला असते. दर रविवारी फोन करून “जेवलीस का?” विचारते, मी “जेवले” म्हणते आणि आम्ही दोघी फोन ठेवतो. वर्षानुवर्षे एवढेच चालले आहे. बांगड्या तिने घालाव्यात, कपाटात ठेवू नयेत.

३. थोरले दीर कुओ चिन-थु यांना माझ्या मिळकतीतले काहीही देऊ नये. माझ्या यजमानांचे यकृत गेले तेव्हा डॉक्टरांनी ते भावोजींना सांगितले. भावोजींनी ते कुणालाच सांगू दिले नाही, यजमानांना नाही आणि मलाही नाही. यजमान अंथरुणात पडून नव्याने काढायच्या दुसऱ्या दुकानाची पाटी रंगवायला टाकत होते. एकदा त्यांनी माझे मनगट धरून विचारले, “मला खरं सांग, काय झालंय?” मी म्हटले, “दमलायत तुम्ही. झोपा.” मला तेच खरे वाटत होते. पाटी घरी आली तेव्हा घरात सुतक होते. अंत्यविधीनंतर भावोजी मला म्हणाले, “तुला सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं.” दिसले असते. ते त्यांनी बघायला हवे होते.

४. आता माझे. उन्हाळ्यापासून अन्न गिळवत नाही. तपासणी झाल्यावर डॉक्टर मिंग-त्सुंगला बाहेर घेऊन गेले. परत येताना तो हसत होता. “अल्सर आहे, आई. थोडं कापून टाकतील.” त्या दिवसापासून तो मला पेरू सोलून देतो. या मुलाने जन्मात कधी फळ सोललेले नाही. शु-फेन आठवड्याच्या मधेच आली आणि “सहज आले” म्हणाली. मी स्वयंपाकघरात शिरले की बोलणे थांबते आणि सगळे हवामानावर येतात. मरणापेक्षा मला याची धडकी भरली की ही सगळी शेवटपर्यंत “बरी होशील” म्हणत राहतील आणि मला त्यांच्याकडे बघून हसत राहावे लागेल.

दिएम व्हिएतनामची. लग्न होऊन इथे आली तेव्हापासून गल्ली तिच्या बोलण्यावर हसते. “तुझ्या सुनेकडे मीठ मागितलं तर छत्री आणून देते,” असे शेजारीण मला म्हणाली होती. परवा सकाळी दिएम दुकानात मासे साफ करत होती. मी तिच्यापाशी जाऊन विचारले, “दिएम, मला काय झालंय?”

तिने सुरी खाली ठेवली, हात पुसले.

“पोटात गाठ, आई. कॅन्सर. सगळ्यांना माहीत. मला म्हणाले, बोलायचं नाही.”

“मग का बोललीस?”

“तुम्ही विचारलं.”

मी बर्फाच्या पेटीवर बसले. ती शेजारी टेकली. “मी भिते,” म्हणाली, “तुम्ही पण भिता?” या घरात हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता.

५. तरी माझी सूचना अशी. दिएमला कुणी एक शब्दही बोलू नये. इथून पुढे डॉक्टरांनी माझ्याशी बोलावे, मुलांनी शेजारी बसून ऐकावे. माझ्या आजाराला अल्सर म्हणू नये. नातवंडांना ‘आजी लांबच्या गावाला गेली’ असे सांगू नये. आजी मेली असे सांगावे, आणि ती विचारतील तितक्या वेळा सांगावे.

६. हे मृत्युपत्र माझ्यामागे उघडण्यासाठी नाही. शनिवारी दुपारी, जेवणे झाल्यावर, माझ्या देखत मोठ्याने वाचावे. मला याचीही भीती वाटते. तरी कुणी जागेवरून उठू नये.

तुंगकांग, प्रजासत्ताक वर्ष ११२ (इ.स. २०२३), नववा महिना, तारीख १४.
सही व शिक्का: त्साय युए-श्या

पुरवणी. शनिवारी वाचन झाले. शु-फेनने वाचले. कलम ४ आले तसा तिने कागद दिएमच्या हातात दिला, पुढचे दिएमने अडखळत वाचले आणि या वेळी कुणी हसले नाही. मिंग-त्सुंग खाली मान घालून बसला होता. मग म्हणाला, “कॅन्सर आहे, आई. जठराचा. कुठपर्यंत पसरलाय ते पोट उघडल्यावरच कळणार.”

“तुला भीती वाटते?”

“खूप. तुला सांगितलं तर तू जेवणखाण सोडशील असं वाटलं.”

“तसंही कुठे जेवतेय मी?” मी म्हटले. तो रडला. लहानपणानंतर प्रथमच माझ्यासमोर.

भीती गेलेली नाही. काल देवळात उदबत्ती लावताना दिएमला माझा हात धरावा लागला. पण रात्री शु-फेन माझ्याजवळ झोपली आणि तिने विचारले, “तू शुद्धीवर आलीस की पहिलं काय सांगू?”

“काय निघालं ते.”

“आणि वाईट निघालं तर?”

“तर आधी हात धर. मग सांग.”

हे तिच्यावर बंधनकारक आहे. वरील मजकुरात अन्य बदल नाही.

तारीख १७.
सही व शिक्का: त्साय युए-श्या

वरील दोन्ही सह्या आमच्या समोर झाल्या. लिहिणारी घाबरलेली होती, पण तिला काय हवे ते तिला स्वच्छ ठाऊक होते.
साक्षीदार: होउ वेन-पिन, औषधांचे दुकान, त्याच गल्लीत
साक्षीदार: याओ ली-चू, शेजारीण (मीठ आणि छत्रीची गोष्ट माझीच. ती मी मागे घेते.)