समुद्रफुलाची घाई

तीर्थरूप मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं मामींकडून कळलं, जीव भांड्यात पडला. आम्ही दोघं ठीक. टाकीही ठीक, पण तिची हकीकत जरा लांबलचक आहे.

मी निवृत्त झालो तेव्हा लेकीने बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी बसवून दिली आणि महिन्याभराने त्यात दोन केशरी पट्टेरी मासे सोडले, हे तुम्हाला ठाऊक आहेच. या माशांना समुद्रफुलात राहायला आवडतं. (नाव फूल, पण आहे प्राणी. दगडाला चिकटून बसतो आणि हातपाय हलवावेत तसे झुबके हलवतो.) पाण्याच्या तपासणीत माशांना घातक असणारा अमोनिया शून्य आला, त्या दिवशी मी फूल आणायला पिशवी घेऊन निघालो. हिची हयात रक्त-लघवी तपासण्यात गेली. ती म्हणाली, "एक रिपोर्ट चांगला आला म्हणजे पेशंट बरा होत नसतो. टाकी वर्षाची होऊ दे."

मी थांबलो. ही दोन दिवस माहेरी जाईपर्यंत.

फूल आणलं, मधोमध बसवलं. ते दगड सोडून सरकत चालत जातं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (दुकानदाराने सांगितलं होतं म्हणे, मी माशांकडे बघत होतो.) दुपारी जेवून येईतो ते पंपाच्या तोंडात जाऊन चिरडलेलं आणि पाणी ताकासारखं झालेलं. बादल्यांनी पाणी बदलता बदलता कंबर गेली, तरी एक मासा दगावला. लेकीला मीच फोन केला. ती म्हणाली, "बाबा, दुसऱ्याला जपा."

त्यानंतर मी धीर धरला. काचेवर तपकिरी बुरशीसारखं काही आलं, गेलं. हिरवं आलं, गोगलगायींनी खाल्लं. दगडांवर जांभळट कवच चढलं. पंपाच्या तोंडाला मी स्पंज बांधला. हिच्या वहीत मीठ आणि तापमानाचे आकडे दहा आठवडे जागचे हलले नाहीत. अकराव्या आठवड्यात, टाकीचं वर्ष भरल्यावर, तिने वही मिटली आणि म्हणाली, "आण."

नवं फूल एका कपारीत रुतून बसलंय. मासा चार दिवस लांबूनच बघत होता. पाचव्या दिवशी आत शिरला आणि अंग टाकून पडला. लेकीला सांगताना माझा आवाज जरा बसला. (सर्दी होती.)

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. पुढच्या महिन्यात ही पंधरा दिवस लेकीकडे जाते आहे. तुम्ही राहायला आलात तर मला सोबत होईल.

ता. क. (सूनबाईकडून) मामा, सोबत ह्यांना नको, टाकीला हवी आहे. धीर धरला तो टाकीच्या झाकणाला कुलूप होतं म्हणून. किल्ली तुमच्या हातात देईन. दुकानात दुसरं एक फूल ह्यांनी आधीच बघून ठेवलंय.