म्हाताऱ्या शेळीची स्कॉट्स कविता

६ जानेवारी, ग्लासगो
लंडनचं, इल्फर्डमधलं घर विकून मुलाकडे, मंदारकडे आलो ते ही भाषा ऐकायला. नातीला, इराला शाळेने कविता दिली आहे, स्कॉट्समध्ये. महिनाअखेर पाठांतराची स्पर्धा. काखेला म्हणे ‘ऑक्स्टर’. रडण्याला ‘ग्रीट’. उभा जन्म इंग्लंडात डॉक्टरकी केली, एका पेशंटने ऑक्स्टर दुखते म्हटलं नाही.

८ जाने.
आजचं रत्न ‘ड्रीख’. म्हणजे कुंद, ओली, कंटाळवाणी हवा. शेवटचा ख घशातून, खाकरल्यासारखा. इथे हवा रोज तशीच, मग वेगळा शब्द कशाला? शाळेच्या कागदावर एक स्पेलिंग, मंदारच्या डिक्शनरीत दुसरं. सूनबाई म्हणते, "बाबा, दोन्ही चालतात." चालतात म्हणे. आम्ही ऱ्हस्व-दीर्घासाठी छड्या खाल्ल्या.

११ जाने.
शाळेतून आली की इरा थेट माझ्या खोलीत. "आजोबा, माझा कविता ऐकतो का तुम्ही?" मंदार आणि सूनबाई कामापुरतं बोलतात. गप्पा मारते ती हीच, मोडक्या मराठीत. कवितेचं खूळ संपल्यावरही यावी एवढंच वाटतं.

१९ जाने.
कविता एका म्हाताऱ्या शेळीवर. शेळी ‘थ्रॉन’, म्हणजे हट्टी. फडतूस. पण इराला तयार मीच करतोय, पुण्यात वक्तृत्वाची ढाल दर वर्षी कोणाकडे असायची? सुरुवातीला ‘रिस्पेक्टेड जजेस’. हट्टीपणाला मूठ आपटायची. शेवटच्या ओळीला आवाज वर, मग वाकून नमस्कार. दाखवून देऊ या लोकांना.

३० जाने.
बाकीची पोरं खिशात हात घालून, शेजाऱ्याशी बोलावं तशी म्हणून गेली. याला स्पर्धा म्हणतात. इराने मूठ आपटली तेव्हा मागून खसखस. नमस्काराला सगळा हॉल हसला. बाई म्हणाल्या, "सो ड्रमॅटिक." बक्षीस त्या पुटपुटणाऱ्या मुलाला. गाडीत इरा रडली. कोणाला कळतंय काय या गावात.

३ फेब्रु.
वर्गात तिच्या नमस्काराच्या नकला चालू आहेत. खोलीत येत नाही. सूनबाईला सांगत होती, "आय’म स्कनर्ड." अर्थ विचारावा लागला नाही. वीट आलाय, माझा. समोर आली की "आय’म फाइन, ग्रँडपा." आजोबाचा ग्रँडपा झालो.
बाईंना चार शब्द सुनवायला शाळेत निघालो होतो. मंदार दारात आडवा. "बाबा, प्लीज, अजून काही शिकवू नका कोणाला." स्वतःचा मुलगा. चहा घेतला नाही.

१० फेब्रु.
सूनबाईला मीटिंग, म्हणून इराला आणायला मी. मी येतो म्हटल्यावर तिने तोंड वाकडं केलं होतं. शाळेच्या फाटकातून निघाली ती सरळ पुढे, मी मागून. तिच्या वर्गातल्या एका मुलीने मला पाहून हात जोडले, कमरेत वाकली, खिदळली. इरा गर्रकन वळली. "अवे अन् बाइल यर हीड!" म्हणजे, जा, डोकं उकडून घे आपलं. असभ्य भाषा, मुळातच. उच्चार मात्र खणखणीत. कोणी शिकवला नव्हता.
मग परत तशीच पुढे. मी शाबास म्हणणार होतो, पण नुसता मागून चालत राहिलो. क्रॉसिंगला थांबली. सिग्नलचा हिरवा माणूस आला, गेला, ती हलली नाही. मी पोचल्यावर तिने पुन्हा बटण दाबलं.