कमानीतला देव

आबा,

त्या दिवशी सकाळी अंघोळ करून मी पूजेला बसलो, टाक पुसून जागच्या जागी ठेवले, आणि तुमचा रुपया मात्र देव्हाऱ्यात परत ठेवला नाही. कोपरीच्या आतल्या खिशात घातला. माय दारात बसली होती. तिला आता नीट दिसत नाही, पण रुपया ठेवल्याचा बारीक आवाज झाला नाही, एवढ्यावरून तिनं ओळखलं. म्हणाली, "चाललास का भागानगरला?"

"हौ, माय."

"मंग जल्दी जा. तुझ्या बापाच्या नवसापायी माझा जीव अडकून राह्यलाय."

तुमच्यासारखीच तीही हैदराबाद म्हणत नाही. गाठीच्या तापाच्या साली गाव उठलं आणि आपण तीर्थपुरीच्या वाटेवरच्या रानात खोपी घालून राहिलो, ते दिवस मला अजून दिसतात. धाकटीच्या काखेत गाठ आली आहे, ती डोळे उघडत नाही. देव सगळे गावातल्या घरात कोंडलेले, खोपीत हात जोडायला काही नाही. तुम्ही कमरेच्या पिशवीतून रुपया काढता, मूठभर ज्वारीवर ठेवता, हळद वाहता. रुपयावर चार मनोरे, मधे कमान, आणि कमानीत कोणीतरी बसलेलं. "हे भागानगरचं देऊळ हाय," तुम्ही म्हणता. "देवा, पोरगी वाचव. तुझा रुपया तुझ्या दारात आणून वाहीन."

बहीण वाचली. मी तेव्हा मुनशीजींकडे उर्दू अक्षरं गिरवत होतो. पुढं एक दिवस पूजेच्या वेळी मी शहाणपणानं म्हणालो, "आबा, देव न्हाई तो. उर्दूतला ऐन हाय. निजाम सरकारच्या नावाचं पैलं अक्षर."

तुम्ही रुपया डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहिला आणि हसलात. "तुझ्या मुनशीला सांग, अक्षर मांडी घालून बसत न्हाई."

तुमचं जाणं कधी पेरणीत, कधी दुखण्यात राहून गेलं, आणि मग तुम्हीच गेलात. नवस माझ्याकडं आला. मी अडलो होतो तो खर्चापायी नाही. ज्या दारात देवच नाही, तिथं वाहायचं कोणाला, हे मला कळत नव्हतं. तो फिटण्याआधीच मायनं डोळे मिटले असते, तर तुम्हाला काय सांगितलं असतं?

दिवसही बरे नव्हते, निजामाविरुद्ध चळवळ पेटलेली होती. परतूरला गाडीत बसताना गावातला एक जण म्हणाला, "अशा दिवसांत देवाला भेटायला चाललास, का निजामाला?" मी नुसता हसलो. नांदेड गेलं, माणसांची बोली बदलत गेली, आणि भागानगरात काचीगुडा स्टेशनाला उतरलो तेव्हा आपण एकाच राज्यातले आहोत यावर माझा विश्वास बसेना. पेरू विकणारी बाई तेलुगूत ओरडत होती, तिच्याशी भाव करणारा कानडीत बोलत होता, आणि दोघं एकमेकांना उर्दूत शिव्या देत होती. तुमच्या हयातीत इथल्या मुसी नदीला पूर आला आणि वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या, ते तुम्ही बाजारात ऐकून येऊन सांगितलं होतं. आता तिच्या काठाला दगडी बांध आहेत, वरच्या अंगाला तलाव बांधून पाणी अडवलंय, आणि काठावर लाल दगडाचं हायकोर्ट घुमट घेऊन उभं आहे. ज्या नदीनं एवढं नेलं तिच्याच पाण्यात ते घुमट हलताना दिसतात. मी पुलावर उभा राहून नकळत हात जोडले.

आणि मग ते समोर आलं. आबा, रुपयावर ते नखाएवढं होतं. इथं मान मागं टाकली तर पागोटं पडायला आलं. चार दिशांचे चार रस्ते त्याच्या पोटाखाली येऊन मिळतात. टांगे, बुरख्यातल्या बाया, अरब शिपाई, डोक्यावर गवताचे भारे घेतलेल्या माळणी, सगळे त्याच्या आसपास वाहत असतात. देऊळ नव्हतंच. वर मशीद आहे म्हणतात. खाली दार नाही, उंबरा नाही, कोणाला अडवणारा कोणी नाही.

जवळच एका म्हाताऱ्याचं बत्ताशाचं दुकान होतं. मी रुपया पुढं केला. त्यानं तो बोटांत फिरवला. "क्या पटेल, रुपये कू हल्दी खिलाए क्या?"

मी मोडक्यातोडक्या उर्दूत सगळं सांगितलं. गाठीचा ताप, खोप, कमानीतला देव. तो आधी पोट धरून हसला. मग एकदम थांबला.

"बीमारी के वास्ते मन्नत मांगे थे?"

"हौ."

"तुम्हारे बावा कू कौन बोला था?"

"कोणी न्हाई."

त्यानं मनोऱ्यांकडं बोट केलं. "गोलकुंडे में जगह नहीं पुरी, पानी नहीं पुरा, तो बादशाह इधर शहर बसाया. तब्बी ऐसीच बीमारी थी, बोलते. बादशाह दुआ मांगा. बीमारी गई, तो दुआ की जगह पे ये बनाया. शहर बाद में, पटेल. शुकराना पैले."

शुकराना म्हणजे तोही फेडलेला नवसच की, आबा. तुम्हाला वाचता येत नव्हतं. मुनशीजींनी मला अक्षर शिकवलं, पण ही गोष्ट कधी सांगितली नाही.

हे पत्र टपालात पडणार नाही. घडी करून देव्हाऱ्यात रुपयाच्या रिकाम्या जागी ठेवणार आहे. एक मात्र सांगतो. रुपया देण्याआधी मी चारही कमानींखालून फिरलो आणि प्रत्येकीत मान वर करून पाहिलं, कोणी बसलंय का. मला अक्षर वाचता येतं, तरी पाहिलं. मग दुकानाशी परत आलो, रुपया म्हाताऱ्याच्या हातावर ठेवला, पंचाभर बत्ताशे घेतले, आणि कमानीखाली उभा राहून, ज्या रस्त्यानं जो आला त्याला तुमच्या नावानं नवसाची शेरणी वाटली.