दोनशे एकोणसत्तरावी चिठ्ठी

मिल्स क्रॉसिंग, न्यू हॅम्पशायर
सोमवार, ११ डिसेंबर

प्रिय मार्सेल,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद आणि दोन्ही गालांवर एकेक पापा. नोएलालाही दे, तिनं तोंड वाकडं केलं तरी दे.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. इथे सगळं ठीक. दोन फूट बर्फ पडला. शनिवारचे बीन्स एकटीपुरते शिजवणं मला अजून जमत नाही, म्हणून अर्धे शेजारच्या एव्हरेटला देते. तो ते संपवतो आणि वर मीठ कमी होतं म्हणतो. एकतीस वर्षं गावोगाव टपाल वाटल्यामुळे माझा डावा गुडघा कामातून गेलाय. टपालाची जुनी गाडी मात्र अजून चालते. सगळ्यांसारखं डावीकडे नाही, उजवीकडे स्टिअरिंग बघून पोरं अजून हसतात.

फोन मी काढून ठेवलाय. पक्षाचा तो तरुण वकील आहे ना, प्रेस्कॉट, तो दिवसातून तीनदा फोन करायचा. "थिबोडोबाई, तब्येत बरी आहे ना? एकोणीस तारखेला आमची गाडी पाठवू का? रस्ते निसरडे आहेत हो." या रस्त्यांवर मी एकतीस हिवाळे काढले तेव्हा तो पाळण्यात होता! त्याला रस्त्याची काळजी नाही, माझी आहे. चार प्रतिनिधींतली एक म्हातारी फुटली तर सगळंच बोंबललं.

दुसरीकडून तुझ्या पक्षाच्या लोकांची पत्रं. नव्या पोस्टमनला ती पिशवी भरून आणावी लागतात. कुणी मला देशाची आई म्हणतं, कुणी पायरीवर फुलं ठेवून जातं. एकानं लिहिलंय की देव माझ्याकडे बघतोय. बघू दे, मी काही लपवत नाहीये.

आता तुझ्या पत्राकडे वळते. ते मी चारदा वाचलं. हिशेब तू बरोबर मांडलायस. राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींची पाचशे अडतीस मतं, निम्मी आमच्या पक्षाच्या हॅलबर्टकडे, निम्मी तुमच्या कॅल्डवेलकडे, दोनशे एकोणसत्तर समान. आपल्या चिमुकल्या राज्याची चार मतं हॅलबर्टच्या बाजूला, त्यातलं एक माझ्या हातात. मी चिठ्ठीवर कॅल्डवेल लिहिलं की बरोबरी फुटली, कॅल्डवेल जिंकला. इथला कुठलाही कायदा मला अडवत नाही हेही खरं. आणि नाही लिहिलं तर निवाडा जानेवारीत वॉशिंग्टनला संसदेत, एका राज्याला एक मत या हिशेबानं. तिथे काय होईल ते कुणीच सांगू शकत नाही.

आणि हॅलबर्ट आला तर नोएलाच्या इन्शुलिनची मदत बंद होणार, हेही तू लिहिलंस. "ताई, तुला फक्त एक नाव लिहायचंय आणि माझी पोर जगेल." हे वाचून मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले. तू म्हणतेस पक्षानं मला आंधळं केलंय. म्हणून एक गोष्ट सांगते, जी पाद्र्यालाही सांगितलेली नाही.

ऑगस्टात हॅलबर्ट इथल्या खानावळीत आला होता. आपल्याकडचा बाळंतपणाचा दवाखाना बंद झाला, आता कळा सोसत पन्नास मैल जावं लागतं, हे मी त्याला सांगत होते. माझा हात त्यानं हातात घेतला होता, पण नजर माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्याकडे. मला वाटलं, अरे, यासाठी मी वसंतात नाव दिलं? चाळीस वर्षं पत्रकं वाटली त्याचं बक्षीस म्हणून पक्षानं मला प्रतिनिधी केलं होतं, आणि मीही फुगले होते.

नोव्हेंबरात मतपत्रिकेवर मी वरची ओळ कोरी सोडली. कुणालाच दिलं नाही.

आपल्याकडे अजून हातानं मोजतात, ठाऊक आहे ना? सभागृहात लांब टेबलं मांडून, सगळ्या गावासमोर. मी शाळेच्या मदतीसाठी घरी भाजलेले ॲपल-पाय विकायला बसले होते. एव्हरेट एकेक पत्रिका मोठ्यानं वाचत होता. एकाएकी थांबला आणि म्हणाला, "घ्या, राष्ट्राध्यक्ष कोरा! एवढ्या थंडीत हा गडी काय फक्त शेरीफला मत द्यायला आला?" सगळं सभागृह हसलं. मीही हसले आणि ॲपल-पायचा तुकडा कापून गिऱ्हाइकाला दिला. दोनशे बारा पत्रिकांत तेवढी एकच कोरी होती.

तेव्हा मी आंधळी नाही, हे एवढं समज.

तुझी ओडेट


मिल्स क्रॉसिंग
बुधवार, २० डिसेंबर

प्रिय मार्सेल,

आशीर्वाद तू आज घेणार नाहीस, तरी पाठवते.

बातम्यांत तू बघितलंच असशील. काल दुपारी कॉन्कर्डला मी चिठ्ठीवर हॅलबर्टचं नाव लिहिलं. दोनशे एकोणसत्तरावं मत माझं. बरोबरी झाली.

आधी माझा गुन्हा कबूल करते, कारण तो त्या चिठ्ठीतला नाही, टेलिफोनवरचा आहे. माझं पत्र मिळताच तू एव्हरेटच्या घरी फोन केलास. "मग प्रश्नच मिटला की गं ताई! तुलाही तो नकोच आहे!" म्हणालीस. मागून नोएला ओरडली, "मावशी, लव्ह यू!" आणि मी मूग गिळून गप्प बसले. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. तुझा आनंद कानात होता, तो मोडवेना. आठवडाभर तुम्हा दोघींना मी खोट्या आशेवर ठेवलं. याबद्दल मला जे बोलशील ते कमीच.

पण चिठ्ठीबद्दल मी माफी मागणार नाही.

मी स्वतःच्या गाडीनं गेले. प्रेस्कॉट दारातच उभा. म्हणाला, "बाई, पेटीत टाकण्याआधी जरा दाखवाल ना?" मी म्हटलं, "बाळ, एकतीस वर्षांत मी कुणाचं टपाल कुणाला दाखवलं नाही. बाजूला हो." झाला बाजूला. दुसऱ्या दारात तुझ्या पक्षाची माणसं गात होती. एका बाईनं माझी बाही धरली आणि म्हणाली, "मनाचं ऐका!" मन काय म्हणत होतं ते तिला काय सांगू?

पेन हातात घेतल्यावर नोएला डोळ्यांसमोर आली. पाच वर्षांची, सुई टोचताना माझं बोट चावणारी. मार्सेल, मी कॅल्डवेलचा क गिरवायला पेन टेकवलं होतं. खोटं कशाला बोलू?

मग गाव आठवलं. माझं मत मी नोव्हेंबरात दिलं होतं, कोरं. ते मोजलं गेलं, त्यावर हसूनही झालं. कालची चिठ्ठी माझी नव्हती. साऱ्या राज्यात एकसष्ट मतांच्या फरकानं का होईना, लोकांनी ती माझ्याकडे पोचवायला दिली होती. मला नावडत्या घराची पत्रं मी कधी ओढ्यात फेकली नाहीत. फादर गान्योंना आलेली ती घाणेरडी निनावी पत्रंसुद्धा पोचवली. मी काल तुझ्यासाठी ही चिठ्ठी फेकली असती, तर उद्या कुणीतरी आपल्या बहिणीसाठी फेकेल, आणि ती बहीण तू नसशील.

बाहेर पायऱ्यांवर वार्ताहरांनी गराडा घातला. एकानं विचारलं, "हॅलबर्टवर तुमचा विश्वास आहे ना?" मी म्हटलं, "काडीचाही नाही. मी त्याला मत दिलं नव्हतं. वरची ओळ कोरी सोडली होती. आज लोकांचं दिलं. आता लिहून घ्या, माझ्या भाचीचं औषध त्यानं तोडलं तर मी त्याच्या अंगणात जाऊन बसेन." प्रेस्कॉटचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला. संध्याकाळी पक्षानं मला काढलं. त्याआधीच मी राजीनामा टपालात टाकला होता.

घरी आले तर एव्हरेट दारात. "तर तो गडी तू होतीस!" म्हणाला आणि इतका हसला की त्याला ठसका लागला. मग एकदम गंभीर झाला आणि म्हणाला, "बहिणीला काय सांगशील?"

हे सांगते. तुझा निरोप सकाळी एव्हरेटच्या फोनवर आला, "नाताळला येऊ नकोस." वाचला. उद्या मी सरहद्द ओलांडून पलीकडच्या देशात शेरब्रुकला जातेय. तिथल्या दुकानात नोएलाचं इन्शुलिन स्वस्तात मिळतं, त्यांना आपली घरची भाषा कळते आणि मला त्यांचा रस्ता. बर्फाच्या पेटीत घालून रविवारी तुझ्या दारात आणते. पुढल्या महिन्यात पुन्हा आणेन. वॉशिंग्टनला कुणीही निवडून येवो, मी गाडी चालवू शकते तोवर दर महिन्याला आणेन.

दार उघडायला मी तुला सांगत नाही. पेटी पायरीवर ठेवीन, बेल दाबीन आणि तिथेच बसेन. माझ्याशी बोलू नकोस. पण औषध बाहेर राहू देऊ नकोस, आणि ते उचलायला तुला माझ्या शेजारी वाकावंच लागेल.

तुला नको असले तरी तुझीच मोठी बहीण,
ओडेट